प्लमकडे पाठ करून

सुरुवात कचऱ्यावरच्या जाळीपासून झाली. सांगायला लाज वाटते, पण खरं ते खरं. माझ्या बायकोला, फुसाएला, प्लमचा बहर बघायचा होता, हॉस्पिटलने त्यासाठी चार तासांची सुट्टी दिली होती, आणि नेमकी त्याच बुधवारी, एकोणीस फेब्रुवारीला, आमच्या आळीत जाळीची पाळी माझी होती. पिशव्या कावळे फोडतात म्हणून त्यांच्यावर निळी जाळी टाकायची आणि गाडी येऊन गेली की ती धुऊन, घडी घालून खांबाला बांधायची, एवढंच काम. पण आमच्या आळीत लोक एक वेळ तुरुंगात जाऊन आलेल्या माणसाशी बोलतील, पाळी चुकवणाऱ्याशी नाही.

शेजारच्या कुसाकाबे बाईंना कुंपणावरून 'तेवढं बघाल का' म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण मी सदतीस वर्षं नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात काढलेला माणूस. पाळीतला कुठलाही बदल कागदावर लिहून आळीच्या फिरत्या पाटीला लावावा आणि ती पाटी घरोघर फिरवावी असा नियम आहे. तो नियम मीच केलेला आहे.

आता सुट्टी चारच तास का, आणि प्लमच का, हे सांगायला हवं. आमच्याकडचे डॉक्टर वाईट बातमी स्वतःच्या तोंडाने देत नाहीत, ऋतूंच्या तोंडी घालतात. जानेवारीच्या शेवटी मी विचारलं, "डॉक्टर, एप्रिलमध्ये चेरी फुलली की हिला जरा फिरवून आणलं तर चालेल ना?" डॉक्टर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चेरीचं एवढ्यात नका ठरवू. प्लम मात्र यंदा लवकर आहे म्हणे." झालं. स्वादुपिंडाचा आजार, चार महिने, दोन ऑपरेशनं, आणि निकाल लागला तो एका झाडाच्या नावाने. मी कंबरेत वाकून आभार मानले. बाहेर येऊन मशीनमधून गरम कॉफीचा डबा घेतला आणि तो गार होईपर्यंत हातात धरून बसलो. मला रडायचं होतं, पण व्हरांड्यात 'शांतता राखा' अशी पाटी होती.

फुसाएला मी यातलं काहीच सांगितलं नाही. तिला ते आधीच कळलेलं होतं.

"चेरी नकोच होती मला," ती म्हणाली. "चेरीखाली लोक चटया टाकून दारू पितात आणि वर गातात. प्लम बघायला गारठ्यात जावं लागतं, म्हणून शहाणे तेवढेच येतात. आपण दोघंच जाऊ या. बाकी कुणी नको."

"दोघंच?"

"अडतीस वर्षं झाली लग्नाला. दोघंच असे आपण कुठे गेलोय, सांगा बरं."

मी आठवून बघितलं. लग्नानंतर गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेलो तेव्हा आई बरोबर होती. दरवर्षी सरदारबागेत जायचो ते खात्याच्या सहलीबरोबर, आणि खात्याची सहल तळ्यापाशी डबे खाऊन परत फिरायची. तळ्यापलीकडे, टेकाडामागे, एक म्हातारा प्लम आहे, तीनशे वर्षांचा म्हणतात. तो आम्ही दोघांनीही कधी बघितला नव्हता.

"वारा असला की तळ्यापर्यंत वास यायचा त्याचा," फुसाए म्हणाली. "दरवर्षी म्हणायचे, जरा पलीकडे जाऊ या. पण तुम्ही डबे मोजत असायचात."

हे साफ खोटं आहे. मी माणसं मोजत असायचो. डबे मोजायला दुसरा माणूस होता.

तिची आणखी एक अट होती. आळीत कुणाला कळता कामा नये. ऑक्टोबरात हॉस्पिटलात जाताना तिने घरोघर सांगितलं होतं की सेंदाईला बहिणीकडे चाललेय, बहिणीचा पाय मोडलाय. बहीण ठणठणीत आहे, डोंगर चढते. पण फुसाए म्हणजे कचरा टाकायलासुद्धा केस विंचरून जाणारी बाई. उतरलेलं तोंड आळीला दाखवायचं नव्हतं तिला, आणि ते मला पटत होतं. तेव्हापासून मी आळीत खोटं बोलत होतो. "वहिनींना सेंदाईची हवा मानवतेय ना?" असं कुणी विचारलं की "मानवतेय" म्हणायचं आणि सटकायचं. लोकही भले. बहिणीसाठी म्हणून काय काय आणून द्यायचे. कुणी मऊ तोफू, कुणी तांदळाची पेज बरणीत भरून, कुणी वाफवलेला भोपळा कुस्करून. पाय मोडलेल्या बाईला चावायला काय होतं, असा विचार माझ्या मनात एकदासुद्धा आला नाही. कुसाकाबे बाईंनी तर लोकरीची टोपी विणून दिली. "बहिणीच्या डोक्याला थंडी वाजत असेल हो," म्हणाल्या. मी मनात म्हटलं, काय मायाळू बाई आहे! पाय मोडल्यावर डोक्याला थंडी वाजते हे यांना बरोबर माहीत.

तर पाटी. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'बुधवार दि. १९ रोजी इवासे हे पत्नीसह (पत्नी सेंदाईहून एक दिवसासाठी येत आहे) सकाळी दहा ते दोन सरदारबागेत प्लमचा बहर बघण्यास जात असल्याने, जाळीची पाळी सोमवारी घेतील. सर्वांनी कृपया नोंद घ्यावी.' वाचून बघितलं. मजकूर निर्दोष होता, पण कागद खाली अर्धा मोकळा राहिला होता. सदतीस वर्षांत मी कागद मोकळा सोडलेला नाही. हात आपोआप पट्टीकडे गेला आणि मी खाली चार रकाने आखले. अनुक्रमांक, घर, माणसं, आणि सहीच्या जागी घराचा शिक्का.

सुंभ जळतो, पीळ जात नाही, तो असा. माणसांचा रकाना मी का घातला? पाण्याच्या प्रत्येक अर्जावर असायचा म्हणून. घरात माणसं किती यावर पाणी ठरतं. प्लम बघण्यावर काय ठरतं, देव जाणे.

पाच दिवसांनी पाटी परत आली ती चौदा घरांचे चौदा लाल शिक्के घेऊन. माणसांच्या रकान्याची बेरीज सतरा. आमच्या आळीत रकाना दिसला की तो भरतात आणि 'माणसं' असा रकाना असला की आपल्याला बोलावलंय असं समजतात. बोलावल्यावर न जाणं म्हणजे अपमान, असंही समजतात. खाली ओतागुरो गुरुजींनी, म्हणजे आळीचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक, वय अठ्ठ्याहत्तर, यांनी लाल शाईत लिहिलं होतं: 'स्तुत्य उपक्रम. बसची व्यवस्था मी पाहतो.' आणि त्याच्याही खाली कुसाकाबे बाईंची पेन्सिल: 'बहर हे चित्राक्षर चुकीचे लिहिले आहे. एक रेघ कमी.'

मी कपाळावर हात मारला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रद्द करावं तर रद्द केल्याची पाटी फिरवायला हवी, तिला पाच दिवस, म्हणजे शेवटच्या घराला कळणार ते विसाव्या तारखेला. दारोदार जाऊन सांगावं तर कारण सांगावं लागणार. मूग गिळून बसलो.

मग सल्ले सुरू झाले. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने दोन डझन गरम पुड्या आणून दिल्या, अंगाला चिकटवायच्या. "सेंदाईहून येणाऱ्या माणसाला आमची थंडी बाधते," म्हणाला. सेंदाई आमच्याहून थंड आहे, पण मी वाद घातला नाही. कुणी म्हणालं बसायला पाट नको, गादी न्या. कुणी म्हणालं गाडी अगदी फाटकापर्यंत जाते, मी विचारून आलोय. गुरुजी येऊन म्हणाले, "इवासे, भाषण मी करणार नाही."

"भाषणाचं कुणी म्हटलंच नाही, गुरुजी."

"म्हणूनच सांगतोय. पन्नास वर्षांत पहिल्यांदा करणार नाहीये. लक्षात ठेवा."

मी लक्षात ठेवलं, पण त्याचा अर्थ लावला नाही.

फुसाएला सांगायचं धाडस मला दोन दिवस झालं नाही. सांगितलं तेव्हा ती हसायला लागली. हसताना दुखलं म्हणून थांबली. "सतरा?" म्हणाली आणि परत हसली. मग भिंतीकडे तोंड केलं. "मी नाही येत," म्हणाली.

त्या रात्री मी घरी जेवलो नाही. स्वतःला एवढ्या शिव्या दिल्या की त्या कुठल्याही अर्जात मावणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी गेलो तर ती उशीला टेकून बसलेली. "येते," म्हणाली. "ती कुसाकाबे बाईंनी दिलेली टोपी आणा."

"ती बहिणीसाठी आहे."

"अहो, तुम्ही नक्की पाणीपुरवठ्यातच होतात ना? सदतीस वर्षांत पाणी कुठे मुरतंय ते काही तुम्हाला कळलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे टोपी आणा. आणि एवढं एक करा. तळ्यापर्यंत येऊ द्यात सगळ्यांना. झाडापाशी मात्र आपण दोघंच. तेवढं तरी बघाल?"

"बघतो," मी म्हणालो. शब्द दिला.

मी लगेच कामाला लागलो. गुरुजींना सांगितलं, सगळी मंडळी तळ्यापाशीच थांबतील. गुरुजी म्हणाले, "अर्थातच." बागेत चाकाची खुर्ची न्यायची तर तीन दिवस आधी अर्ज लागतो. तो मी पाटी फिरण्यापूर्वीच दिला होता, दोन प्रतींत. हॉस्पिटलचा बाहेर जाण्याचा अर्ज वेगळा, त्याला जामीनदार वेगळा, औषधं बरोबर नेण्याचा अर्ज वेगळा. हे सगळं मी इतकं चोख केलं की बरोबर येणारी मिनागावा नर्स म्हणाली, "इवासे काका, तुमच्यासारखा नातेवाईक बघितला नाही." मला बरं वाटलं. मग ती हळूच म्हणाली, "काकूंची बसायची ताकद अर्धा तास आहे, फार तर चाळीस मिनिटं. दुखायला लागलं की मी औषध देईन, मग त्या झोपतील. एवढं धरून चाला."

मी ते वहीत लिहून घेतलं. तारीख घालून.

बुधवारी ऊन होतं, पण वारा बोचरा. हॉस्पिटलची खुर्ची नेणारी गाडी फाटकापाशी पोचली तेव्हा आळी आधीच येऊन रांगेत उभी होती. सतरा माणसं, सगळी काळ्या-करड्या कोटांत, गुरुजींच्या हातात छोटा पिवळा झेंडा. मागचं दार उघडून फुसाएची खुर्ची खाली आली. टोपी कपाळापर्यंत ओढलेली, तोंड एवढंसं झालेलं. चार महिन्यांत आळीने तिला पहिल्यांदा बघितलं. आता कुणी तरी 'अगंबाई' म्हणणार.

कुणी म्हटलं नाही. सतरा जण एकदम वाकले. कुसाकाबे बाई पुढे झाल्या. "सेंदाईचा प्रवास चांगला झाला ना, वहिनी?"

"झाला हो," फुसाए म्हणाली. "गाडीत बसायला जागा मिळाली."

"टोपी शोभतेय. जरा डावीकडे गेलीय." आणि त्यांनी ती सरळ केली. ही बाई देवाच्या मूर्तीचीही चूक काढेल. पण टोपी सरळ करताना त्यांचा हात फुसाएच्या गालापाशी जरा जास्त वेळ राहिला, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तोफू, पेज, भोपळा. यांना सगळं माहीत होतं. ऑक्टोबरपासून माहीत होतं. चौदाही घरांना. आणि निरोप घ्यायला यायचं तर बोलावणं हवं, ते मी रकाने आखून दिलं होतं.

इथे मी गप आत गेलो असतो तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण फाटकावर खिडकी होती.

खिडकीत पन्नाशीचा, गळपट्टा गुंडाळलेला एक माणूस बसला होता. त्याने माझा अर्ज काढला, खुर्चीकडे बघितलं, म्हणाला, "इवासे ना? जा आत. म्हातारा आज भरात आहे."

मी अर्ज बघितला. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'व्यक्ती: दोन'.

"इथे दोन लिहिलंय," मी म्हणालो. "आम्ही वीस आहोत."

"असू द्या हो."

"असू द्या कसं? माझी सही आहे खाली."

"मी काही मोजत नाही, साहेब."

मोजत नाही! फाटकावर बसून! सदतीस वर्षांचं रक्त उसळलं. मी फुसाएकडे वळून म्हणालो, "तुम्ही चला पुढे. मी दोन मिनिटांत आलोच."

फुसाए म्हणाली, "या हं." एवढंच म्हणाली.

पंधरापेक्षा जास्त माणसं असली की ती 'मंडळी' होते आणि मंडळीचा अर्ज गुलाबी असतो. गुलाबी अर्जात खुर्चीचा रकाना नाही. पांढऱ्या अर्जात खुर्ची आहे, पण मंडळी नाही. खिडकीतला माणूस म्हणाला, "साहेब, आधी बघून या. नंतर भरा. नाही भरलात तरी चालेल." मी त्याला सांगितलं की खोट्या कागदावर मी आत पाऊल टाकणार नाही, आयुष्यात टाकलेलं नाही. मग तोडगाही मीच काढला. दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवून मधल्या जोडावर एक शिक्का मारायचा, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. खात्यात आम्ही असंच करायचो. सुंदर पद्धत आहे. गुलाबी अर्ज भरला. चौदा घरांचे पत्ते लिहिले. बोटं गारठली होती, एक पत्ता चुकला, नवा कागद मागितला.

तेवढ्यात ओतागुरो गुरुजी तळ्याकडून परत आले. "इवासे, चला. वहिनी वाट बघताहेत."

"झालंच, गुरुजी. हा एवढा शिक्का."

मी शिक्का मारला. गुरुजींनी मान तिरकी केली. मुख्याध्यापकाची नजर ती. "तिरका आलाय," ते म्हणाले, आणि लगेच जीभ चावली. "असू द्या, असू द्या. चला."

पण तिरका म्हटल्यावर काय चला? मी तिसरा कागद घेतला. गुरुजी दोन वेळा "इवासे" म्हणाले आणि निघून गेले. खिडकीतल्या माणसाने गळपट्ट्यात तोंड खुपसलं. चौथ्या कागदावर शिक्का सरळ आला. दोन्ही कागदांवर अर्धा अर्धा, मध्ये केसाएवढी फट नाही. मी घड्याळात बघितलं. अडतीस मिनिटं झाली होती.

मी पळालो. सहासष्टाव्या वर्षी, हातात गुलाबी आणि पांढरा कागद धरून, तळ्याच्या काठाने पळालो. मास्कमधून वर येणाऱ्या श्वासाने चष्म्यावर वाफ धरली. काही दिसेना म्हणून चष्मा काढला, मग तर मुळीच काही दिसेना. तळ्यापाशी कुणी नव्हतं. मला राग आला. इथे थांबायचं ठरलं होतं! टेकाडाची वाट सगळी मोठ्या खड्यांची, तिच्यावर चाक चालणार नाही हे कुठल्याच अर्जात लिहिलेलं नव्हतं. खड्यांत चाकांच्या खुणा नव्हत्या, नुसती पावलं होती. म्हणजे खुर्ची उचलून नेली होती. साठी-सत्तरीच्या म्हाताऱ्यांनी.

टेकाडामागे आलो आणि थांबलो. सतरा माणसं माझ्याकडे तोंड करून उभी होती. सगळे अर्धवर्तुळात, हात समोर बांधून, एकही हलत नव्हता. मला वाटलं, माझ्यावर चिडून असे उभे आहेत. त्यांच्यामागे काही तरी उजळलेलं होतं, पण चष्म्याशिवाय मला फक्त उजेड दिसत होता. वास मात्र आला. अडतीस वर्षं तळ्यापर्यंत यायचा तोच असणार. मधोमध खुर्ची, तीही माझ्याकडे तोंड करून, आणि खुर्चीत फुसाएची मान एका बाजूला कललेली.

"कुठे होतात हो तुम्ही?" कुसाकाबे बाई ओरडल्या, पण हळू आवाजात. तसं ओरडणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. "इथे येताच म्हणाल्या, खुर्ची उलटी ठेवा. हे आले की वळवा. दोघं मिळून बघायचंय. आम्ही म्हटलं, बघा की थोडं. तर नाहीच. डोळे मिटून घेतले."

"आणि तुम्ही सगळे?"

"त्या बघेनात, तर आम्ही कसे बघणार, भाऊजी? तळ्याशी परत जाऊन थांबलो असतो, पण दुखायला लागलं तर उचलायला माणसं हवीत. म्हणून पाठ केली."

अर्धा तास. तीनशे वर्षांचं झाड भरात असताना सतरा माणसं आणि एक आजारी बाई त्याच्याकडे पाठ करून गारठ्यात उभी होती, कारण मी शिक्का सरळ करत होतो.

"पाच मिनिटांपूर्वी फार दुखायला लागलं," मिनागावा म्हणाली. "औषध द्यावंच लागलं. आताच डोळा लागलाय, काका. उठवू नका."

मी खड्यांत गुडघे टेकले. तिचे हात गार होते, गरम पुडी मुठीत तशीच धरलेली. "फुसाए," मी म्हणालो, "आलो ग." तिच्या पापण्या हलल्यासुद्धा नाहीत. मान वर केली असती तर झाड समोरच होतं. मी केली नाही. माझ्या हातातले दोन कागद वाऱ्याने फडफडत होते आणि ते कुठे ठेवावेत हे मला सुचेना. शेवटी औषधवाल्याने माझ्या हातातून काढून घेतले.

परत येताना सहा जणांनी खुर्ची उचलली. गुरुजी पुढे झेंडा घेऊन, पण खाली धरलेला. झोपेतच फुसाएने कुसाकाबे बाईंची बाही पकडली होती आणि ती सुटेना, म्हणून त्याही गाडीत बसल्या. फाटकावर खिडकीतला माणूस उभा राहून वाकला. कागद बघायला त्याने मागितलेच नाहीत.

नदीवरच्या पुलाशी फुसाएने डोळे उघडले. आधी छताकडे बघितलं, मग माझ्याकडे. आपण गाडीत आहोत हे तिला कळायला जरा वेळ लागला. मी माफी मागायला तोंड उघडलं. काय म्हणायचं ते मी टेकाडापासून जुळवत आलो होतो.

"बघितलंत?" तिने विचारलं.

कुसाकाबे बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"बघितलं," मी म्हणालो.

"कसं होतं?"

"छान होतं."

"छान म्हणजे काय? नीट सांगा की. मोठं होतं?"

"मोठं. म्हणजे उंच नाही. पसरलेलं. खाली बांबूचे टेकू दिलेत फांद्यांना." हे मी बागेच्या माहितीपत्रकात वाचलं होतं.

"रंग?"

आयुष्यात मी न तपासलेली गोष्ट कधी कुणाला सांगितली नव्हती.

"पांढरा," मी म्हणालो.

आणि तेव्हाच मला ती पाकळी दिसली. कुसाकाबे बाईंच्या करड्या कोटाच्या खांद्यावर, शिवणीत अडकलेली, नखाएवढी. लाल होती. गुलाबीसुद्धा नाही, चांगली लाल. त्यांनीही माझ्या नजरेच्या मागोमाग तिकडे बघितलं. माझ्या अक्षरातली एक कमी रेघ जिला सोडवली नाही, झोपलेल्या बाईची टोपीसुद्धा गाडीत जिने दोनदा सरळ केली, ती बाई. फुसाएने धरलेली बाही तशीच ठेवून त्यांनी दुसऱ्या हाताने पाकळी उचलली आणि मूठ मिटली.

"पांढराच, वहिनी," त्या म्हणाल्या. "अगदी पांढरा."

"हो ना?" फुसाए म्हणाली. "वास तसाच होता. मला वाटलंच." आणि तिने परत डोळे मिटले. हॉस्पिटल येईपर्यंत तिच्या तोंडावर हसू होतं. का, ते मला विचारू नका. तिला खरं कळलं होतं की नाही हे मी त्या दिवसापासून स्वतःला विचारतोय आणि उत्तर मिळत नाही.

ती अठ्ठावीस तारखेला पहाटे गेली. आळीतली मंडळी यंदा पुन्हा सरदारबागेत जाऊन आली, बस करून. मी गेलो नाही. परत आल्यावर कुसाकाबे बाई कुंपणापाशी थांबल्या. मी विचारलं, झाड कसं आहे. त्यांनी एकदा घराकडे बघितलं, जिथे आत फुसाएचा फोटो आहे.

"आहे की," त्या म्हणाल्या. "पांढरं."